मुंबईतलं घर, भाडं आणि बेघरपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हाडाच्या लॉटरीत दरवर्षी अर्ज भरणारा कारकून, परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातल्या पात्रतेच्या यादीत, 'अपात्र' ठरलेली घरकाम करणारी बाई आणि उड्डाणपुलाखाली चूल मांडलेलं कुटुंब. या तिघांचे प्रश्न सरकारदरबारी तीन वेगळ्या खात्यांत जातात. माझ्या मते ते एकाच धोरणातून निघालेत, म्हणून इथे एकत्र घेतले आहेत. वस्तीतल्या सभांमध्ये आणि सोसायटीच्या जिन्यात जे विचारलं जातं, तेच प्रश्न घेतलेत, तशाच शब्दांत.

मुंबईत घर इतकं महाग का?

समुद्राने वेढलेलं शहर, जमीन कमी, माणसं जास्त, हे नेहमीचं उत्तर आहे. खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं कायद्यांत आणि तिजोरीत सापडतं.

1976 साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मोठ्या मालकांकडची जादा जमीन सरकारने घ्यायची आणि तिथे गरिबांसाठी घरं बांधायची, असा हेतू होता. प्रत्यक्षात सवलतींचं कलम इतकं सैल होतं की फार थोडी जमीन सरकारच्या हाती आली आणि बाकीची वर्षानुवर्षं कोर्टकज्ज्यात अडकून पडली. महाराष्ट्राने 2007 मध्ये तो कायदा रद्द केला.

दुसरी गोष्ट चटई क्षेत्राची, म्हणजे एफएसआयची : जमिनीच्या तुकड्यावर किती बांधकाम करता येईल, याचं प्रमाण. मुंबईत एफएसआय हे सरकारचं चलन झालं आहे. झोपडपट्टीचं पुनर्वसन करायचंय? बिल्डरला जादा एफएसआय द्या. जुनी चाळ पाडायचीय? एफएसआय. रस्त्यासाठी जमीन हवीय? टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. सरकारला खिशातून पैसा काढावा लागत नाही, म्हणून ही पद्धत सगळ्याच पक्षांना आवडते. पण या एफएसआयला किंमत केव्हा येते? वर बांधलेली घरं महाग विकली गेली तरच. गरिबाच्या फुकट घराचा खर्च शेजारच्या टॉवरमधल्या कोटींच्या घरातून निघतो. म्हणजे शहरात घरं स्वस्त झाली तर गरिबांसाठीची योजनाच ठप्प होते. त्यात मुद्रांक शुल्क आहे, बांधकामासाठी बिल्डर पालिकेला भरतो ते विकास अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम आहे. भाव चढे राहण्यात सरकारचंही उत्पन्न अडकलेलं आहे. घरं परवडणारी करण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याचं उत्पन्न घरांच्या महागाईवर चालतं. हा पेच सुटल्याशिवाय बाकीचे उपाय वरवरचे राहतील.

"परवडणारं घर" म्हणजे नेमकं किती रुपयांचं?

म्हाडाच्या सध्याच्या निकषानुसार मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला 6 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असेल तर तुम्ही अत्यल्प गटात येता. 6 ते 9 लाख अल्प, 9 ते 12 लाख मध्यम आणि त्यापुढे उच्च गट.

आता अत्यल्प गटातल्या वरच्या टोकाच्या घराचा हिशोब मांडू. महिन्याला 50 हजार येतात. घरभाडं नाही, आजारपण नाही असं धरलं तरी 15 हजारांपेक्षा जास्त हप्ता ओढवत नाही. 20 वर्षांच्या कर्जाला 9 टक्के व्याजाने लाखामागे सुमारे 900 रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज मिळणार साडेसोळा लाखांच्या आसपास. दागिने, पीएफ, गावाकडची मदत मिळून आणखी तीन-चार लाख. एकूण 20 लाख. समजा उपनगरात चौरस फुटाला 20 हजार भाव आहे, तर या पैशांत 100 चौरस फूट येतात. दहा बाय दहाची खोली. स्वयंपाकघर नाही, संडास नाही.

हा हिशोब महिना 50 हजार मिळवणाऱ्या घराचा झाला. शहरातले वॉचमन, घरकामगार, डिलिव्हरीची मुलं यांच्या घरात याच्या निम्मेही येत नाहीत. त्यांच्यासाठी मुंबईत बाजारभावाने विकत घेण्यासारखं घरच नाही. म्हणून "स्वस्त घरं विकू" हे उत्तर या वर्गापुरतं उत्तरच ठरत नाही.

मग पूर्वी साध्या गिरणी कामगाराला इथे राहणं कसं परवडायचं?

तो घर विकत घेत नव्हता. भाड्याने राहत होता.

हे आज आपण जवळजवळ विसरलोय. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रुव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि त्या ट्रस्टने बीआयटी चाळी बांधल्या. पुढे 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या केल्या. घरमालक होतं सरकार. खोली लहान, संडास सामाईक, पण ती कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत कित्येक वर्षं राहिले. ट्राम, गिरणी, शाळा, वाचनालय, व्यायामशाळा हे सगळं त्या भाड्याच्या खोलीभोवती होतं.

त्या खोल्यांचं मला कौतुक करायचं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत दहा-दहा माणसं आणि पाळीपाळीने झोपणारे गाळेकरी हेही त्याच शहराचं वास्तव होतं. पण गरीब माणसाला शहरात पाय टेकायला एक अधिकृत जागा होती. ती हळूहळू बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी भाड्याची सोय उभी राहिली नाही.

ती बंद कशी पडली?

1947 च्या बॉम्बे रेंट अ‍ॅक्टने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर फेकलं जाऊ नये म्हणून ते गरजेचं होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा अर्धशतक टिकला. महिन्याला पन्नास-शंभर रुपये भाडं येणाऱ्या इमारतीची डागडुजी मालक करेना आणि नव्याने भाड्याच्या इमारती कोणी बांधेना. खोलीचा हस्तांतराचा भाव पागडीत, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी दिल्या जाणाऱ्या पैशांत ठरू लागला आणि तो पैसा काळा राहिला. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली, वर्षाला 4 टक्के भाडेवाढही दिली. तोवर हजारो इमारती मोडकळीला आल्या होत्या.

30 सप्टेंबर 1969 पूर्वी बांधलेल्या, दुरुस्ती उपकर भरणाऱ्या अशा 19 हजारांवर इमारती शहर विभागात होत्या. आजही 13-14 हजार उरल्या आहेत. दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी लागते, आणि लोक हलत नाहीत. कारण संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत गेलेले आईबाप तिथेच वारले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, 33 माणसं गेली.

भाडं गोठवून ठेवणं ही चूक झाली, असं म्हणून अनेक जण भाडेकरूच्या संरक्षणाचाच विचार मोडीत काढतात. मला ते मान्य नाही. भाडेवाढीवर लगाम हवा आणि त्याचबरोबर सरकारने स्वतः भाड्याची घरं बांधत राहायला हवं होतं. पहिली गोष्ट केली, दुसरी सोडली.

गिरण्यांच्या जमिनीवर घरं होणार होती ना?

होणार होती. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, गिरण्या मात्र एकेक करून मिटल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने जमिनीची वाटणी ठरवली : साधारण एक हिस्सा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. गिरणगावाच्या मधोमध शेकडो एकर होते. एवढी संधी या शहराला परत मिळणार नाही.

2001 मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची, असं ठरलं. गिरणीत मोकळी जागा ती किती! पालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला तुकडे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2006 मध्ये न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. आज तिथे मॉल आणि काचेचे टॉवर आहेत. घरासाठी अर्ज केलेले गिरणी कामगार आणि वारस पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. त्यांतल्या थोड्यांनाच घर मिळालं. बाकीच्यांना शेलू आणि वांगणीत घरं देऊ, असा प्रस्ताव पुढे आला. कर्जत मार्गावरची ही गावं लालबाग-परळपासून कित्येक कोस लांब. जुलै 2025 मध्ये आझाद मैदानात म्हातारे कामगार आणि त्यांच्या विधवा "घर मुंबईतच हवं" म्हणत बसल्या, ते याचसाठी.

एसआरएमध्ये (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत) फुकट घर कोणाला मिळतं?

1 जानेवारी 2000 पूर्वीपासून त्याच झोपडीत राहत असल्याचा पुरावा असेल त्याला. घर 300 चौरस फुटांचं, नवरा-बायको दोघांच्या नावाने. 1 जानेवारी 2000 नंतर 1 जानेवारी 2011 पर्यंत आलेल्यांना अडीच लाख रुपये भरून. त्यानंतर आलेल्याला काहीही नाही.

या तारखेचा इतिहास पाहा. 1976 ला झोपड्यांची मोजणी होऊन फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाची ओळखपत्रं दिली. मग तारीख 1980 झाली, मग 1985, मग 1 जानेवारी 1995, मग 2000, मग 2011. निवडणुका आल्या की तारीख पुढे. पात्रतेचा पाया गरज हा नाही, एका दिवसाचा कागद हा आहे. पुरात कपाटच वाहून गेलं, आगीत वस्ती जळली, मतदार यादीत नाव चुकीचं छापलं गेलं, तर तीस वर्षं राहिलेली बाई अपात्र ठरते. आणि कागद नीट जपलेला, पण आता दुसरीकडे घर असलेला माणूस पात्र ठरू शकतो. परिशिष्ट-2 ची यादी लागते त्या दिवशी वस्तीत दोन गट पडतात. सख्खे भाऊ यादीवरून बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

1995 ला आलेल्या युती सरकारने 40 लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचं आश्वासन दिलं होतं. त्याला 30 वर्षं झाली, पण तो आकडा अजून खूप लांब आहे. योजना तिथे वेगाने चालतात जिथे विक्रीची घरं महाग जातात. खाडीकाठच्या, डोंगरउताराच्या, विमानतळालगतच्या वस्त्यांत बिल्डर फिरकत नाही. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोपडपट्टी कायद्याची अंमलबजावणी कशी होते याचा फेरआढावा घ्यायला मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं. प्रलंबित खटल्यांची संख्या पाहूनच न्यायालयाला ते सांगावं लागलं.

पोटमाळ्यावर राहणाऱ्याचं काय?

नेहमीच्या एसआरए योजनेत वरच्या मजल्याला हक्क नाही. खालचा पात्र, वरचा बेघर.

मी झोपडीत भाड्याने राहतो. घर मला मिळेल की झोपडीमालकाला?

नियम तुमच्या बाजूने आहे. प्रत्यक्ष राहणाराच पात्र. मतदार यादीत नाव असलं तरी तिथे न राहणाऱ्या तथाकथित मालकाला हक्क नाही, असं नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे. घडतं मात्र उलट. सर्वेक्षणाची कुणकुण लागली की मालक भाडेकरूला हलवतो. करार तोंडी, पावती नाही, वीजबिल मालकाच्या नावाचं. सर्वेक्षणाच्या दिवशी तो भाडेकरू दुसऱ्याच वस्तीत असतो. मुंबईत घरभाड्याने राहणारा सर्वात मोठा गरीब वर्ग झोपडपट्टीतच आहे. त्या एका नियमापलीकडे त्याच्यासाठी धोरणात फारसं काही नाही, आणि मला सर्वात जास्त सलतं ते हेच.

बिल्डरने संक्रमण भाडं (नवं घर मिळेपर्यंत द्यायचं भाडं) थकवलंय. घर पाडून झालं, इमारत उभी राहत नाही.

सहकारी संस्थेमार्फत आणि स्वतःही एसआरएकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. पैशांची थकबाकी आणि रखडलेलं काम ही विकासक बदलण्याची कारणं ठरू शकतात; झोपडपट्टी कायद्याच्या कलम 13(2) मध्ये तशी तरतूद आहे. निर्णयाविरुद्ध दाद मागायला शिखर तक्रार निवारण समिती आहे. घर सोडण्याआधी सही करायच्या कराराची प्रत स्वतःकडे असलीच पाहिजे. ती कमिटीच्या सेक्रेटरीकडे आहे, एवढ्यावर समाधान मानू नका.

पर्यायी घर मिळालं तर प्रश्न संपतो ना?

माहुलच्या लोकांना विचारा. तानसा जलवाहिनीलगतच्या हजारो कुटुंबांना पालिकेने तिथे पाठवलं. शेजारी तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने. श्वासाचे आणि त्वचेचे आजार सुरू झाले, शाळा-दवाखाना लांब, बायकांची घरकामं सुटली. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की लोकांना माहुलमध्ये राहायची सक्ती करता येणार नाही, एकतर दुसरीकडे घर द्या किंवा महिना 15 हजार रुपये भाडं द्या.

मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींत अंतर इतकं कमी की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. तिथे क्षयरोगाचं प्रमाण आणि खोलीत येणारा उजेड-वारा यांचा संबंध आरोग्य अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. झोपडीतून काढून अशा ठिकाणी ठेवण्याला पुनर्वसन म्हणणं मला जड जातं.

धारावीत काय चाललंय?

सुमारे 600 एकरांची वस्ती, त्यात कातडं, कुंभारकाम, कपडे, भंगार, खाद्यपदार्थ यांचे हजारो छोटे धंदे. नोव्हेंबर 2022 मध्ये अदानी समूहाची 5,069 कोटींची निविदा सर्वोच्च ठरली. 2000 पूर्वीच्या पात्र कुटुंबांना धारावीतच 350 चौरस फुटांचं घर. 2000 ते 2011 मधल्यांना धारावीबाहेर अडीच लाखांत. त्यानंतरच्यांना आणि पोटमाळ्यावरच्यांना बाहेर भाड्याने, भाडे-खरेदी पद्धतीने, म्हणजे भाडं भरत घर पुढे मालकीचं करता येईल असं. कुर्ला, मुलुंड, कांजूर, देवनार अशा जागांची नावं यासाठी घेतली जातात.

अपात्राला निदान काहीतरी मिळेल, हे आधीच्या धोरणापेक्षा पुढचं पाऊल आहे, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. पण धारावीत घर आणि कारखाना एकाच छताखाली असतात. वरच्या मजल्यावर शिलाई करणाऱ्या माणसाला देवनारला पाठवलं की त्याचं काम धारावीत राहतं आणि तो देवनारला.

म्हाडाची लॉटरी प्रामाणिक असते का? नंबर लागतच नाही.

सोडत संगणकावर, उघडपणे निघते. अडचण घोटाळ्याची नाही, संख्येची आहे. 2023 मध्ये मुंबईतल्या 4,082 घरांसाठी सव्वा लाखाच्या जवळपास अर्ज होते. 2024 मध्ये 2,030 घरांसाठी एक लाखाहून जास्त. त्यातही 2023 च्या लॉटरीत ताडदेवचं साडेसात कोटींचं घर होतं. गृहनिर्माण मंडळाने साडेसात कोटींचं घर विकावं हे मला कधीच पटलं नाही. निवारा नशिबावर सोडणं हेच मुळात चूक आहे. लाखभर लोक अनामत रक्कम भरून रांगेत उभे असतात, तेव्हा गरज किती आहे ते दिसतं. त्या आकड्याकडे पाहून बांधकामाचं उद्दिष्ट ठरायला हवं.

मुंबईत बेघर किती आहेत, आणि ते असतात तरी कोण?

2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे 57 हजार. जनगणनेची व्याख्या अशी की छप्पर असलेल्या घरात न राहणारे : फुटपाथ, पुलाखाली, पाइपांत, फलाटावर, देवळाच्या ओट्यावर. ही मोजणी एका रात्रीत होते, आणि पोलीस हटवतील या भीतीने लोक त्या रात्री जागा बदलतात. खरा आकडा मोठा असणार, असं या क्षेत्रातले सगळेच मानतात.

कोण असतात? फुटपाथवर जन्मलेल्यांची तिसरी पिढी. गजरे, झाडू, लिंबू-मिरची विकणारी पारधी कुटुंबं. लग्नात वाढप्याचं काम करणारे आणि मंडईत हमाली करणारे एकटे पुरुष, जे गावाकडे पैसे पाठवतात. नवऱ्याने हाकलेल्या बायका. मनोरुग्ण. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर उपचारांच्या तारखेची वाट पाहणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. यांतले बहुतेक जण काम करतात. भीक मागणारे थोडे. "बेघर म्हणजे भिकारी" ही समजूत कायद्यातही शिरली आहे : 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात उघड उपजीविकेचं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाराही भिकारी ठरू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्यातल्या शिक्षेच्या तरतुदी रद्दबातल ठरवल्या. महाराष्ट्रात तो चालू आहे.

फुटपाथवर राहणाऱ्यांना न्यायालयाने संरक्षण दिलंय असं ऐकतो. खरं का?

अर्धं खरं. जुलै 1981 मध्ये भर पावसात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून मूळ गावी धाडायचा आदेश दिला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला : उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद 21 चा भाग आहे. माणूस फुटपाथवर राहतो कारण काम जवळ असतं. जागा गेली की काम जातं. देशाच्या कायद्यात हा फार मोठा निकाल मानला जातो.

पण याच निकालाने सांगितलं की फुटपाथ हा चालण्यासाठी आहे आणि योग्य नोटीस देऊन पालिका झोपड्या काढू शकते. पर्यायी जागा द्यायची ती 1976 च्या मोजणीतल्यांना. तत्त्व जिंकलं, फुटपाथवरची कुटुंबं हरली. आजही रस्ता आणि पदपथावरचं अतिक्रमण पालिका नोटिशीविना हटवते आणि भांडीकुंडी, चादरी, मुलांचे शाळेचे दाखले गाडीत टाकून नेते. हे दाखले जातात तेव्हा पात्रतेचा पुरावाही जातो.

रात्रनिवारे किती असायला हवेत?

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक, चोवीस तास, बारा महिने चालणारा निवारा बांधायला सांगितलं. 2011 च्या 1.24 कोटी लोकसंख्येने हिशोब केला तर मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या कितीतरी खाली आहे, आणि त्यातले बरेच मुलांसाठी आहेत. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानातून निधी मिळत आला, माणशी 50 चौरस फूट जागेचा निकष ठरला, देखरेखीसाठी राज्यस्तरीय समित्याही झाल्या. पालिकेचं उत्तर एकच : जागा नाही. ज्या पालिकेचा अर्थसंकल्प अनेक छोट्या राज्यांपेक्षा मोठा आहे तिने हे म्हणावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निवारा कसा हवा, हेही सांगतो. नवरा, बायको, दोन मुलं आणि म्हातारी सासू असं कुटुंब पुलाखाली राहत असेल, तर पुरुषांचा वेगळा आणि मुलांचा वेगळा निवारा त्यांच्या कामाचा नाही. कुटुंब मोडून कोणी छताखाली जात नाही. सामान ठेवायला कुलपाची जागा हवी, कामाजवळ हवा. पहाटे चारला मंडईत पोचणाऱ्या हमालाला मुंबईच्या दुसऱ्या टोकाचा निवारा उपयोगाचा नाही.

शहरात लाखो घरं रिकामी आहेत म्हणतात. ती का देत नाहीत?

2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी निघाली. ती बव्हंशी खासगी, गुंतवणुकीची. भाव वाढतात तेवढ्यावर मालक समाधानी असतो, आणि भाडेकरू बसून राहील अशी भीती जुन्या कायद्यापासून मनात घर करून आहे. रिकाम्या घरावर जादा मालमत्ता कर लावावा, असं मला वाटतं. पण त्यातली बरीच घरं बेघराला किंवा घरकामगाराला भाड्यानेही परवडणारी नाहीत, त्यामुळे त्यावर सगळी भिस्त ठेवता येणार नाही.

फुकट घरं दिल्यामुळेच झोपड्या वाढतात ना?

झोपड्या वाढतात कारण शहराला कामगार हवा असतो आणि त्याला राहायला जागा देण्याची तयारी नसते. कोणी लातूरहून किंवा सुलतानपूरहून तीस वर्षांनी मिळेल त्या फ्लॅटसाठी येत नाही. उद्याच्या रोजीसाठी येतो. मात्र वारंवार पुढे सरकणाऱ्या तारखांमुळे झोपडीचे दलाल तयार झाले, हेही खरं आहे. आल्या दिवशी परवडणाऱ्या भाड्यात खोली मिळत असती, तर त्या दलालाकडे कोण गेलं असतं?

सरकारने भाड्याची घरं बांधून पाहिली का?

पाहिली, आणि मध्येच सोडली. 2008 मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, महानगर प्रदेशात 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. काही वर्षांतच धोरण फिरलं आणि योजना विक्रीच्या घरांकडे वळली. बांधलेली काही घरं गिरणी कामगारांच्या सोडतीत गेली. पनवेलजवळच्या कोनमधल्या 2,417 घरांची सोडत 2016 ला निघाली आणि ताब्यासाठी लोकांनी कित्येक वर्षं वाट पाहिली.

व्हिएन्नाने पालिकेच्या भाड्याच्या इमारती बांधायला सुरुवात केली ती 1920 च्या दशकात, म्हणजे आपल्या बीडीडी चाळींच्याच काळात. तिथे बांधकाम चालू राहिलं. आज त्या शहराच्या मालकीची दोन लाखांहून जास्त भाड्याची घरं आहेत. आपण बीडीडी चाळींच्या रहिवाशांना 500 चौरस फुटांची मालकीची घरं देतोय. वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्या. त्या रहिवाशांच्या तीन पिढ्यांनी कळ सोसली, त्यांचा आनंद रास्त आहे. फक्त त्या जमिनीवरचा सरकारी भाड्याच्या घरांचा साठा त्याबरोबर संपला, आणि शहरात उद्या येणाऱ्या नर्सला, शिपायाला, सफाई कामगाराला त्या चाळीतली खोली आता मिळणार नाही.

माझी मागणी साधी आहे. म्हाडा, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, पालिका यांच्या जमिनीचा ठराविक हिस्सा कायमचा भाड्याच्या घरांसाठी राखावा. विकायला बंदी. भाडं उत्पन्नाच्या प्रमाणात. पात्रतेला तारीख नको; शहरात काम करतो एवढं पुरे. राज्याने मे 2025 मध्ये मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात 2030 पर्यंत 35 लाख घरांचं उद्दिष्ट आहे. त्यातली किती भाड्याची, हा प्रश्न तुमच्या आमदाराला आणि नगरसेवकाला विचारा.

भाड्याने खोली घेताना काय सांभाळावं?

करार 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू म्हणेल त्या अटी प्रथमदर्शनी ग्राह्य धरल्या जातात. अनामत आणि भाडं बँकेतून द्या.

अपात्र ठरू नये म्हणून आज काय करता येईल?

मतदार यादीतलं नाव दरवर्षी तपासा, नवरा-बायको दोघांचं. जुनी वीजबिलं, मुलांचे शाळेचे दाखले, फोटोपास, गुमास्ता (दुकानाचा) परवाना यांच्या प्रती काढून एक संच वस्तीबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवा. परिशिष्ट-2 चा मसुदा लागला की हरकतीची मुदत लहान असते, त्या आठवड्यात गावाला जाऊ नका. आणि तुमच्या ओळखीत कोणी फुटपाथवर राहत असेल, तर त्याला सांगा की मतदार नोंदणीसाठी घराचा पुरावा लागत नाही. नमुना 6 मध्ये झोपण्याची जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने (बीएलओ) रात्री तिथे जाऊन खात्री करायची असते, अशी निवडणूक आयोगाचीच सूचना आहे. कार्यालयात "पत्ता नाही" म्हणून परत पाठवलं, तर ही सूचना दाखवा आणि नकार लेखी मागा.